निकामी उपग्रह जेऊरच्या रेषेवर का येतात? उपग्रह चालू की बंद, हे ट्रॅकिंगवरून किती कळतं?

करमाळा तालुक्यातल्या जेऊरमध्ये मोकळ्या रानात उभं राहायचं, तोंड बरोबर दक्षिणेला करायचं आणि नजर जमिनीपासून साधारण ६९ अंश वर न्यायची. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. पण त्या दिशेला, सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, अवकाशातला एक अदृश्य खळगा आहे. आसपासच्या रेखांशांवर ताबा सुटलेले उपग्रह या खळग्याकडे ओढले जातात आणि त्याच्या अल्याड-पल्याड वर्षानुवर्षं झोके घेत राहतात.

हा खळगा विषुववृत्ताच्या वर, साधारण ७५.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावरचं जेऊर स्टेशनही ७५ अंशांच्या किंचित पुढे, म्हणजे जवळपास त्याच रेषेवर येतं. हा निव्वळ योगायोग. खळगा जेऊरच्या डोक्यावर नाही, तो मालदीवच्या पूर्वेला समुद्राच्या वर आहे. आणि तिथलं काही खाली पडत नाही. त्यामुळे "जेऊरवर उपग्रह कोसळणार" असा मेसेज कुणी पाठवलाच, तर तो पुढे ढकलायची गरज नाही.

मात्र या खळग्यामुळे एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मदत होते. सोशल मीडियावर हल्ली उपग्रह ट्रॅक करणाऱ्या वेबसाइटचे स्क्रीनशॉट फिरतात. "हा बघा आपला उपग्रह, अजून फिरतोय, म्हणजे चालू आहे" असं एकजण म्हणतो. "भारताचे इतके उपग्रह मेलेत" असं दुसरा म्हणतो. दोघांच्याही हातात तोच ट्रॅकिंगचा डेटा असतो. मग त्या डेटावरून उपग्रह चालू आहे की बंद, हे खरंच कळतं का?

नकाशावरचा ठिपका लाइव्ह नसतो

ट्रॅकिंग अ‍ॅपमध्ये उपग्रहाचा ठिपका नकाशावरून सरकताना दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, उपग्रहच आपली जागा कळवतोय. तसं काही नसतं. बहुतेक अ‍ॅप आणि वेबसाइट अमेरिकेच्या स्पेस फोर्सने जाहीर केलेला डेटा वापरतात. जमिनीवरचे रडार आणि दुर्बिणी उपग्रहाला पाहतात, त्यावरून त्याची कक्षा काढली जाते आणि ती दोन ओळींच्या आकड्यांत लिहिली जाते. प्रत्येक ओळ ६९ अक्षरांची. याला टीएलई म्हणतात. तुमचं अ‍ॅप हे आकडे उचलतं आणि उपग्रह आत्ता कुठे असायला हवा, याचं गणित मांडतं.

त्या दोन ओळींत कक्षेचा कल असतो, आकार असतो, दिवसात किती फेऱ्या होतात ते असतं, आकडे कोणत्या दिवसाचे आहेत तेही असतं. उपग्रह चालू आहे की बंद, यासाठी मात्र एकही रकाना नाही. रडारला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या दृष्टीने चालू उपग्रह, बंद उपग्रह आणि रॉकेटचा रिकामा डबा हे सगळे सारखेच, लाटा परतवणारे धातूचे तुकडे.

चांद्रयान-१ चं उदाहरण बोलकं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोचा त्याच्याशी संपर्क तुटला. मार्च २०१७ मध्ये नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने जाहीर केलं, की पृथ्वीवरून सोडलेल्या रडार लाटांनी ते चंद्राभोवती फिरताना सापडलं आहे. यान सापडलं म्हणून ते जिवंत झालं नाही.

ट्रॅकिंगमधून थेट उत्तर मिळत नाही, पण एक आडवाटेचं उत्तर मिळतं. या उपग्रहाला कुणी हाकतंय का, हे त्यातून कळू शकतं. आणि इथे जेऊरच्या रेषेवरचा तो खळगा कामाला येतो.

छत्री का हलवावी लागत नाही?

जेऊरमधल्या एखाद्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री असेल, तर ती आग्नेयेकडे तोंड करून, साधारण ६० अंश वर बघत असते. तिचं लक्ष्य जीसॅट-१५ हा उपग्रह, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा. एकदा बसवली की ती छत्री पुन्हा फिरवावी लागत नाही, कारण ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याच्या वेगानेच फेरी मारतो आणि आकाशात एका जागी टांगल्यासारखा राहतो.

तो आपोआप तिथे राहत नाही. पृथ्वीचं विषुववृत्त पूर्ण गोल नाही, किंचित लांबट आहे. त्यामुळे त्या उंचीवर गुरुत्वाकर्षणाची ओढ सगळीकडे सारखी पडत नाही. दोन ठिकाणी खळगे आहेत, एक ७५ अंश पूर्वेला आणि दुसरा जवळपास बरोबर उलट्या बाजूला, १०५ अंश पश्चिमेला, प्रशांत महासागराच्या वर. बाकी कुठेही ठेवलेला उपग्रह जवळच्या खळग्याकडे हळूहळू घसरू लागतो. शिवाय चंद्र आणि सूर्याच्या ओढीमुळे त्याची कक्षा वर्षाला पाऊण ते एक अंशाने तिरकी होत जाते.

म्हणून जमिनीवरचे अभियंते ठराविक दिवसांनी उपग्रहाची छोटी इंजिनं पेटवून त्याला जागेवर परत ढकलतात. टीएलईचे आकडे काही महिन्यांसाठी आलेखावर मांडले, की हे स्पष्ट दिसतं. उपग्रह ठरलेल्या रेखांशापासून जरासा सरकतो, पुन्हा मागे येतो, पुन्हा सरकतो. करवतीच्या दातांसारखी रेघ तयार होते. ही करवत दिसली, म्हणजे जमिनीवरून कुणीतरी आज्ञा देतंय आणि उपग्रह ती ऐकतोय.

करवत थांबली तर? इथे घाई केली की फसगत होते. उत्तर-दक्षिण दुरुस्तीला इंधन खूप लागतं, पूर्व-पश्चिम दुरुस्तीला त्यामानाने फारच थोडं. त्यामुळे म्हाताऱ्या उपग्रहाचं इंधन वाचवायचं असेल, तर चालक आधी उत्तर-दक्षिण दुरुस्ती सोडून देतात. कक्षा तिरकी होत जाते, पण उपग्रह रेखांशावर टिकून असतो आणि सेवाही देत असतो. नुसता कल वाढलेला बघून "मेला" म्हणणं चूक. रेखांश सुटला आणि उपग्रह महिनोन्‌महिने कुणीही न अडवता घसरत राहिला, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

त्यातही एक अपवाद आहे. निवृत्त होणाऱ्या उपग्रहाला शेवटच्या इंधनावर साधारण ३०० किलोमीटर वर ढकलून ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे तो वाटेत येत नाही. इन्सॅट-४बी ला इस्रोने जानेवारी २०२२ मध्ये असंच ३४० किलोमीटर वर नेऊन ठेवलं. वरच्या कक्षेत फेरी जास्त वेळ घेते, त्यामुळे असा उपग्रह सतत पश्चिमेकडे सरकताना दिसतो. ट्रॅकिंगमध्ये तोही "जागा सुटलेला" वाटतो, पण त्याला रीतसर निरोप दिलेला असतो. घसरलेला आणि निवृत्त केलेला यांत फरक करायचा तर उंची बघावी लागते.

पश्चिमेला सापडलेला ब्रिटिश उपग्रह

खळग्याचा नियम किती भरवशाचा आहे, हे ब्रिटनच्या स्कायनेट-१ए या उपग्रहावरून दिसलं. १९६९ मध्ये सोडलेला हा लष्करी उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या बाजूला ठेवला होता. काही वर्षांत तो बंद पडला. नियमाप्रमाणे तो जवळच्या खळग्यात, म्हणजे जेऊरच्या रेषेवर झोके घेत असायला हवा होता. तो सापडतो मात्र १०५ अंश पश्चिमेच्या खळग्यात, पृथ्वीच्या निम्म्या फेरीएवढा लांब.

ही गोष्ट बीबीसीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढे आणली. आपोआप तो तिकडे जाणं शक्य नाही. १९७० च्या दशकात कुणीतरी त्याची इंजिनं पेटवून त्याला पश्चिमेकडे हलवलं असणार, हाच एक अर्थ निघतो. कुणी आणि का, याची नोंद सापडत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा एक हुकूम कागदावर नाही, पण कक्षेत शिल्लक आहे.

आकडे छान, उपग्रह आजारी

भारतातल्या वाचकासाठी सगळ्यात कळीचं उदाहरण नाविकचं आहे. जीपीएससारखी ही भारताची स्वतःची दिशादर्शन व्यवस्था. तिच्याबद्दल सोशल मीडियावर सर्वाधिक उलटसुलट दावे होतात आणि ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉटही तिचेच जास्त दिसतात.

१ जुलै २०१३ ला सुटलेला आयआरएनएसएस-१ए हा नाविकचा पहिला उपग्रह. त्याच्यावर तीन रुबिडियम अणुघड्याळं होती. एक काम करायचं, दोन राखीव. तिन्ही बंद पडली आणि जानेवारी २०१७ मध्ये ही बातमी बाहेर आली. अणुघड्याळ नसलं की दिशादर्शन संपतं, कारण फोन अंतर मोजतो ते सिग्नलला लागलेल्या वेळावरून. सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक. दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर, म्हणजे तुम्ही थेट शेजारच्याच्या रानात.

घड्याळं गेली, पण बाकीचा उपग्रह शाबूत होता. इंजिनं चालू, वीज चालू, आज्ञा ऐकतोय. नुसती कक्षा बघणाऱ्याला तो ठणठणीत वाटला असता.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोटाहून शंभरावं प्रक्षेपण झालं आणि एनव्हीएस-०२ हा नाविकचा उपग्रह गेला. रॉकेटने काम चोख केलं. पण पुढे कक्षा उंचावण्यासाठी इंजिन पेटवायचं, तर त्याला ऑक्सिडायझर पुरवणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत. उपग्रह लांबट अंडाकृती कक्षेत अडकला. कक्षेचं एक टोक पृथ्वीपासून १७० किलोमीटरच्या आसपास, दुसरं ३६ हजार किलोमीटरच्याही पुढे. कक्षा उंचावत नाही, हे ट्रॅकिंगचे आकडे बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं. तरीही इस्रोने तेव्हा सांगितलं होतं, की उपग्रहाच्या यंत्रणा व्यवस्थित आहेत. म्हणजे शरीर धडधाकट, पण गाडी भलत्याच स्टेशनात उभी.

पहिल्याची कक्षा उत्तम आणि काम बंद. दुसऱ्याची तब्येत उत्तम आणि कक्षा चुकीची. ट्रॅकिंगवरून पहिल्याला "चालू" म्हटलं असतं, दुसऱ्याला "मेला". दोन्ही चुकलं असतं.

मग खरी अवस्था काय? जुलै २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत उत्तर दिलं. नाविकसाठी ११ उपग्रह सोडले गेले. त्यातले चार तेव्हा दिशादर्शनाची सेवा देत होते. चार फक्त एकतर्फी संदेश पाठवण्यासाठी वापरले जात होते. एक निवृत्त केला आहे आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकले नाहीत. "११ उपग्रह आकाशात" हे वाक्य म्हणून फसवं आहे आणि "नाविक ठप्प" हेही त्या दिवशी खरं नव्हतं. पण चार या आकड्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. तेव्हा चारच उरले होते, म्हणजे राखीव एकही नव्हता.

यामुळे जेऊरमधल्या कुणाचा नकाशा बंद पडणार नाही. साधा फोनही अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ असे उपग्रह एकत्र वापरतो. प्रश्न आहे तो अडचणीच्या वेळी दुसऱ्या देशाच्या सिग्नलवर अवलंबून न राहण्याचा. नाविक उभारलं ते त्यासाठीच.

शेवटचा शब्द रेडिओचा

उपग्रह खरंच काम करतोय का, हे कळायला त्याचं बोलणं ऐकावं लागतं. लहान उपग्रहांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही.

२०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेले दोन उपग्रह अवकाशात गेले. पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' २२ जूनला, आयआयटी मुंबईचा 'प्रथम' २६ सप्टेंबरला. स्वयम् एक किलोहूनही हलका, प्रथम साधारण दहा किलोचा. दोघांवरही कक्षा बदलायला इंजिन नाही. म्हणजे करवतीचे दात उमटण्याचा प्रश्नच नाही. प्रथमचं काम ठरलं होतं चार महिन्यांचं, पण तो सोडला गेला सातशे किलोमीटरच्या थोडं खाली. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की असा उपग्रह काम संपल्यावरही कित्येक वर्षं फिरत राहतो. अ‍ॅपमध्ये नाव दिसतं, जेऊरवरून जाण्याची वेळही दाखवली जाते. तेवढ्यावरून त्याच्या रेडिओबद्दल काहीच कळत नाही.

हे ऐकण्याचं काम जगभर हौशी रेडिओवाले करतात. सॅटनॉग्स नावाचं त्यांचं एक खुलं जाळं आहे. घराच्या गच्चीवर अँटेना लावून लोक उपग्रहांचे सिग्नल टिपतात आणि त्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात. भारताचा हौशी रेडिओसाठीचा हॅमसॅट मे २००५ मध्ये सुटला आणि जुलै २०१४ मध्ये बॅटरीने दगा दिल्यावर थांबला. त्या दिवशी त्याच्या कक्षेत काहीही बदल झाला नाही.

कधी उलटंही होतं. १९७४ मध्ये सोडलेला ऑस्कर-७ हा हौशी उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी बिघडून गप्प झाला. २१ वर्षांनी, जून २००२ मध्ये, त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. बिघडलेल्या बॅटरीतला जोड तुटला आणि सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्रांना मिळू लागली. तेव्हापासून तो उन्हात बोलतो आणि सावलीत झोपतो. नासाचा 'इमेज' उपग्रह २००५ च्या डिसेंबरात हरवला होता. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी निरीक्षकाला तो बोलताना सापडला. टिली तेव्हा दुसऱ्याच एका गुप्त उपग्रहाच्या मागावर होते.

आणि बोलणारा उपग्रह ऐकतोच, असंही नाही. एप्रिल २०१० मध्ये गॅलेक्सी-१५ या अमेरिकी टीव्ही उपग्रहाने आज्ञा घेणं बंद केलं, पण प्रक्षेपण चालूच ठेवलं. आठ महिने तो तसाच शेजाऱ्यांच्या हद्दीतून, स्वतःचा भोंगा वाजवत घसरत गेला. डिसेंबरात बॅटरी पूर्ण उतरल्यावर यंत्रणा नव्याने सुरू झाली आणि तो ताब्यात आला.

नाविकच्या बाबतीत ऐकण्याची ही सोय खिशातच असू शकते. नाविक चालणाऱ्या अँड्रॉइड फोनवर उपग्रहांचे सिग्नल दाखवणारं अ‍ॅप टाकलं, की त्या क्षणी नाविकचे कोणते उपग्रह ऐकू येताहेत ते दिसतं. ठिपक्यांच्या नकाशापेक्षा हा पुरावा कितीतरी जवळचा. तरीही एक पायरी उरते. उपग्रह स्वतःच्या सिग्नलमध्ये "माझा वापर करा" किंवा "करू नका" अशी खूण पाठवत असतो. सिग्नल येतोय पण खूण नकाराची आहे, असंही घडतं.

७४ अंशांवरचा शेजारी

जेऊरच्या रेषेवरच्या खळग्यापासून जेमतेम एक अंशावर, ७४ अंश पूर्वेला, इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह आहे. टीव्हीवर पावसाळ्यात दिसणारी ढगांची चित्रं अशाच उपग्रहांकडून येतात. खळग्याजवळची जागा एका अर्थी स्वस्तातली, कारण तिथे पूर्व-पश्चिम टिकून राहायला इंधन फारसं लागत नाही. पण झोके घेणारे सगळे निकामी उपग्रह याच वाटेने जातात-येतात. १९ ऑक्टोबर २०२४ ला ६० अंश पूर्वेला इंटेलसॅट-३३ई हा उपग्रह फुटला. सुरुवातीलाच सुमारे २० तुकडे मोजले गेले. ती जागाही याच खळग्याच्या उतारावरची. अशा वेळी ट्रॅकिंगचा खरा उपयोग दिसतो. मेलेला कोण हे कळो न कळो, तो कुठे आहे आणि कुणाच्या वाटेत येतोय, एवढं कळलं तरी बाजूला होता येतं. भारतात हे काम बंगळुरूचं आयएस४ओएम केंद्र बघतं.

फ्री डिशची छत्री ज्याच्याकडे बघते त्या जीसॅट-१५ चं आयुष्य १२ वर्षांचं धरलं आहे आणि तो सुटला ११ नोव्हेंबर २०१५ ला. विमानांना आणि रेल्वे इंजिनांना अचूक जागा कळवण्यासाठी लागणारी गगन ही यंत्रणाही त्याच्यावर आहे. ९३.५ अंशांच्या याच जागेवर २०१० मध्ये इन्सॅट-४बी च्या सौर पट्टीत बिघाड होऊन त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले होते. रेखांश तेव्हाही जागच्या जागी होता.

जीसॅट-१५ निवृत्त होईल, तेव्हा टीएलईच्या आकड्यांत आधी उंची बघायची. ती तीनेकशे किलोमीटरने वाढली, तर इस्रोने त्याला बाजूला नेऊन ठेवलं. उंची तीच राहिली आणि रेखांश ९३ वरून ९०, ८५, ८० असा उतरू लागला, तर तो जेऊरच्या रेषेकडे निघाला आहे. ती ओलांडून तो ५६-५७ अंशांपर्यंत जाईल, वळेल आणि सव्वादोन वर्षांच्या आसपास पुन्हा जिथून निघाला तिथे येईल.